उजेड धरणारी

१

घराबाहेर माणसाचा फोटो काढायचा तर काय, ऊन फुकटच आहे, असं लोकांना वाटतं. पण उन्हात बसवलेला माणूस डोळे मिचकावतो, भुवयांखाली दोन काळे खड्डे पडतात, आणि फोटो हातात आला की तोच मला विचारतो, "मी असा दिसतो होय?" म्हणून माणसाला सावलीत बसवावं लागतं. सावलीत उजेड एकाच अंगाने येतो आणि दुसरा गाल काळाठिक्कर पडतो. त्या गालासाठी मी बांबूच्या चौकटीवर पांढरी चादर ताणून शिवून घेतली होती. ती उन्हाकडे तोंड करून धरली की उजेड तिच्यावरून उलटून गालावर येतो. धरणारं माणूस मात्र समजूतदार हवं, चार बोटं इकडेतिकडे झाली तरी चेहरा बिघडतो.

धरणारी माझी बायको, यमुना. खानापुरात दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं, पण निम्मी कला तिच्या मनगटात होती. हे मी तेव्हा कुणापाशी कबूल केलं नसतं. मी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालायचो आणि आतूनच ओरडायचो, "अगं, जरा वर. अगं, जवळ ये. बस." ती मला 'अहो' म्हणायची, मी तिला 'अगं'. नवराबायकोने एकमेकांना नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही. नऊ वर्षांच्या संसारात तिचं नाव मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही लोकांनी पाठीत गुद्दे घातले तेव्हा.

त्या साली, म्हणजे १९१२ च्या मार्गशीर्षात, तिला आठवा महिना होता. आधीचं मूल सातव्यात गेलं होतं. नंदगडच्या एका लग्नात मी तिला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चादर धरून उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मला कोणी बोललं नाही, तीही नाही. या खेपेला सुईणीने मात्र माझ्याकडे बघून बजावलं, "हिला उभी करायची नाही."

म्हणून कॅसलरॉकच्या एका गोऱ्या साहेबाने दिग्गीच्या वीस माणसांचे फोटो मागवले तेव्हा मी एकटाच निघालो. काम नाव करणारं होतं, सोडवेना. निघताना तिने विचारलं, चादर कोण धरणार? मी म्हटलं, एखाद्या खुंटाला टेकवीन, तू आपली पाय पसरून बस.

२

कॅसलरॉकला आगगाडी सोडली की पुढे रानच रान. बैलगाडीने आणि पायी मिळून दीड दिवस लागला. दिग्गीचे गावकर, म्हणजे गावचे प्रमुख, येसाजी यांनी आपल्या घराची ओसरी मला दिली. माणूस मोजकं बोलणारा, पण आतिथ्य भरपूर. एकटाच कसा आलात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी घरची अडचण सांगितली. ती सांगितली हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे याच गोष्टीवर मी स्वतःची समजूत काढत राहिलो.

गावात मळणी चालू होती, कोणाला सवड नव्हती. चादर धरायला येसाजींनी लखू नावाचा एक गडी दिला, तर तो चादरीवरून मान काढून फोटो कसा निघतो ते बघायला लागला. त्याला मी हात जोडून परत पाठवला. अंगणाच्या कडेला, रान सुरू होतं तिथे, तोडलेल्या झाडाचा गुडघाभर खुंट होता. त्याला चौकट टेकवली आणि पायाशी दोन दगड लावले. समोर फणसाच्या सावलीत येसाजींना बसवलं.

काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. आम्हाला त्याची सवय असते. येसाजींची हनुवटी उजळली होती, गाल मात्र काळाच. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, जरा वर."

उजेड वर चढला.

हनुवटीवरून गालावर, गालावरून कानापर्यंत. जसा नेहमी चढतो तसा, सावकाश. मी "बस" म्हटलं, भिंगावरची टोपी काढली, तीन आकडे मोजले, टोपी लावली. सवय अशी असते की काही वेगळं घडलं हे लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते काळ्या कापडातून बाहेर आल्यावर. चौकट खुंटाला टेकलेलीच होती. ढग सरकला असेल, असं म्हणून मी वर बघितलं. आभाळात ढग नव्हता.

येसाजी माझ्याकडे बघत होते. "मास्तर, आत कुणाला हाक मारलासा?"

मी हसून सांगितलं की बायकोला, सवय जात नाही, आणि नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. तशी ती त्यांच्यातही नव्हती. तरी ते हसले नाहीत.

"घरात चालतंय," ते म्हणाले. "हितं रानाच्या तोंडाला बिननावाची हाक मारू नगासा. जी ऐकंल तिची हुती ती."

३

येसाजींच्या भाताच्या कोठीला खिडकी नव्हती. दारावर कांबळं टाकलं की भर दुपारी फोटोच्या काचा औषधात धुण्याइतका अंधार व्हायचा. लाल कंदील लावून मी पहिली काच धुतली. येसाजी हळूहळू काचेवर उमटले आणि मी बघतच राहिलो. इतका चांगला फोटो मी वर्षभरात काढला नव्हता. उजेड कपाळापर्यंत पोचला होता, डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती सुरकुती दिसत होती.

मग हाती दोरी घेऊन मी बाहेर गेलो आणि मापं काढली. खुंटाला टेकवलेल्या चादरीचा उजेड बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या वर जाऊ शकत नव्हता. दोनदा मोजलं. मग दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि मापच चुकलं असं ठरवलं. फोटो सुरेख आला होता, आणि सुरेख फोटोची चौकशी करायची माझी इच्छा नव्हती.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तर येसाजींच्या बायकोने, केशरबाईंनी, माझ्या शेजारी आणखी एक पाट मांडला होता आणि पुढे पान. कोणी येऊन बसलं नाही. असेल यांच्याकडची रीत, असं म्हणून मी मुकाट्याने जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी एकामागून एक बारा माणसं बसवली. पहिल्याच माणसाला मी कापडाआडून, अगदी हळू, म्हणून बघितलं, "अगं, जवळ ये." उजेड जवळ आला. "थोडी डावीकडे." उजेड डावीकडे गेला. डोकं बाहेर काढलं तर चौकट खुंटापासून हातभर पुढे, कशालाही न टेकता उभी होती. जमीन ओली आहे, बांबूची टोकं रुतली आहेत, असं मी मनाला सांगितलं. मनानेही ते ऐकून घेतलं. चादर मधोमध थोडी फुगून आली होती, वाऱ्याने फुगते तशी. वारा नव्हता, हे मला दिसत होतं. फणसाचं पान हलत नव्हतं.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीहून आनंद मोठा होता. इतकं समजूतदार काम मला फक्त एकाच माणसाकडून माहीत होतं. मी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत थांबलो नाही. जवळ ये, वर धर, अजून वर, हलू नकोस. बारा काचा झाल्या आणि बाराही उत्तम निघाल्या.

४

तिसऱ्या दिवशी आणखी पाच माणसं झाल्यावर पुतळी नावाची एक तरणी बाई बसायला आली. मळणीवरून तशीच आली होती, केसात भाताचं तूस. ती काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. नजर सारखी चादरीकडे जायची. मी दोनतीनदा सांगितलं, इकडे बघा. ती बघायची आणि पुन्हा तिकडे. एकदा तर किंचित हसली. पाणवठ्यावर बायका ओळख नसलेल्या बाईकडे बघून हसतात, तसं.

मी कापडातून बाहेर आलो आणि जरा चिडूनच विचारलं, तिकडे आहे काय?

पुतळीने पदर सावरला. मला कसं सांगावं, हे तिला कळत नसावं. "मास्तर, रागवू नगासा," ती म्हणाली, "पर ती पोटुशी हाय न्हवं? काल सकाळधरनं बघतोय आमी. किती येळ उभी ठेवतासा तिला? बसू दे की घटकाभर."

सांगायला लाज कशाला, कॅमेऱ्याच्या तिपाईला धरून उभा राहिलो. चौकटीकडे बघितलं. बांबू, चादर आणि मागे रान. चादरीच्या खाली गवत होतं आणि गवत जरा दबलेलं होतं. गवत काय, कालपासून मीच तिथे दहा वेळा गेलो होतो.

मग मी समजूत काढायला लागलो. येसाजींना मी घरची गोष्ट सांगितली होती, त्यांनी केशरबाईंना सांगितली असेल, केशरबाईंनी गावाला. शहरातला एक शहाणा रिकाम्या चादरीशी बायकोसारखं बोलतो, म्हटल्यावर बायका थट्टा करणारच. पाट मांडला तीही थट्टाच. हे सगळं नीट जुळत होतं. फक्त पुतळीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिला माझा राग आला होता, आणि तोच राग मी नंदगडहून परतल्यावर माझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

पुतळीचा फोटो मी काढलाच नाही. बसलेली ती उठली आणि जाताना चादरीपाशी क्षणभर थांबली. तिथे काहीतरी हळू बोलली आणि मग मळणीवर गेली.

५

येसाजींची आई पारूआजी सगळ्यात शेवटी राहिली होती. डोळे गेलेले, पण बोलणं खणखणीत. तिला आणून फणसाखाली बसवलं तेव्हा मी ठरवलं होतं की एक शब्दही बोलायचा नाही. चादर मी पुन्हा खुंटाला टेकवली होती, दगडही लावले होते.

आजीनेच तोंड उघडलं. "पुतळी सांगून गेली मला. हाक तू घातलीस?"

मी तिपाईचा पाय जमिनीत नीट रोवत राहिलो.

"ती आली. तुझीच हाय का दुसरी कोन, मला दिसत न्हाई. पर उभ्यानं किती जीव धरंल ती? नाव घे नि सांग, घरला जा. नावानं हाक मारलीस की जिचं घर हाय ती घरला जाईल. दुसरी कोन असली तर तिचं ते नाव न्हवं, ती बी जाईल."

आजीचं सांगणं सरळ होतं. येसाजी ओसरीवरून ऐकत होते, केशरबाई दारात उभ्या होत्या. मी कापडात डोकं घातलं, निदान तोंड तरी दिसू नये म्हणून.

काचेवर आजी उलटी दिसली. तिचा गाल उजळला होता. मी काही न बोलता उजळला होता, आणि उजेड थरथरत होता. मी कॅमेरा किंचित वळवला. चादरीची कड काचेवर आली. चौकटीच्या दांडीवर, दोन्ही टोकांना, चार चार बोटं होती.

काचा धुण्याच्या औषधाने नखं तपकिरी होतात, ती कशानेही निघत नाहीत. माझी तशी आहेत. यमुनेचीही आहेत, कारण काचाही तीच धुवायची. त्या आठही बोटांची नखं तपकिरी होती. दांडी घट्ट धरल्यामुळे सांधे पांढरे पडले होते. कडेच्या मागे हिरव्या लुगड्याचा काठ होता आणि चादर मधोमध, त्या दोन हातांच्या मध्ये, गोल होऊन पुढे आली होती. ती गोलाई हलली. आतून कोणी पाय मारावा तशी.

मी कापड फेकून बाहेर आलो. बाहेर चौकट होती आणि खुंट होता.

आता त्या घटकेला मी काय विचार केला, ते सांगतो. तो विचार मी पुढे हजारदा केला आहे. यमुना खानापुरात, माझ्या आईच्या नजरेखाली पाय पसरून बसली आहे. इथे आहे ते तिचं सोंग. त्याने तिची बोटं घेतली, लुगडं घेतलं, पोट घेतलं. एकच गोष्ट अजून त्याच्याकडे नाही, ती म्हणजे तिचं नाव. ते मीच माझ्या तोंडाने दिलं, शिवाय 'घरी जा' म्हटलं, तर ते माझ्या घरी जाईल. आठवा महिना लागलेल्या बाईच्या दारात मी हे पाठवू? आणि चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची लाज, तीही होतीच. तिचा वाटा किती आणि शहाणपणाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी चादरीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने, दम भरून सांगितलं, "इथंच थांब. माझ्या मागून यायचं नाही. इथून हलायचं नाही."

चादर हळूच खाली झाली आणि सपाट पडली.

पारूआजीने मान हलवली. "नाव न्हाई घेतलंस," एवढंच ती म्हणाली आणि येसाजींचा हात धरून आत गेली.

चादर मी तिथेच सोडली. काचांची पेटी तेवढी गाडीत घातली आणि त्याच दुपारी निघालो. वळणावर मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही.

६

कॅसलरॉकला गाडीत बसलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. मी स्वतःवर खूषही होतो. भ्यालो होतो, पण डोकं ठिकाणावर ठेवून घर वाचवलं होतं. पुतळीचा आणि पारूआजीचा फोटो राहिला त्याबद्दल साहेबाला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत खानापूर आलं.

दारात आई भेटली. माझी आई, इंदुबाई, तशी खंबीर बाई. ती रडत होती.

यमुनेचे हात दोन दिवस भरून येत होते, तिने सांगितलं. खांदे दुखतात म्हणायची, तेल चोळलं तरी राहीना. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि परसातल्या पडवीत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून उभीच आहे. बसवायला गेलं तर बसत नाही, धरून ओढलं तर हलत नाही. सुईण येऊन गेली, वैद्य येऊन गेले. आज शनिवार.

गुरुवारी दुपारीच मी दिग्गीहून निघालो होतो.

मी पडवीत गेलो. ती हिरव्या लुगड्यात उभी होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला वर, बोटं मिटलेली, मिटलेल्या बोटांत काही नव्हतं. डोळे उघडे होते, पण माझ्यावर ठरत नव्हते. सुईणीचे शब्द माझ्या कानात घणासारखे पडत होते. मी तिच्या पायांशी बसलो आणि म्हटलं, "अगं, बस. माझी शपथ आहे तुला, खाली बस."

तिने ते ऐकलं असं वाटलं नाही. पण ओठ हलले. आवाज तिचाच होता, फक्त थकलेला.

"तुम्हीच सांगितलंत ना," ती म्हणाली, "इथंच थांब म्हणून."

"कुठे?" मी विचारलं.

"इथंच. फणसापाशी. सगळे घरात गेले. ती एक बाई तेवढी पाणी ठेवून जाते."

आई माझ्या मागे दारात उभी होती. शेजारच्या दोघी होत्या. मी कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही. तिचे दंड धरले आणि नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. "यमुना," मी ओरडलो. "यमुना, घरी ये." किती वेळा ओरडलो ते आठवत नाही. घसा बसेपर्यंत ओरडलो.

तिची मान हलली. चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं, आशाच म्हणावी लागेल. ती माझ्याकडे वळली नाही. मी तिचे दंड धरून समोर उभा असताना ती उजवीकडे बघू लागली, मग डावीकडे, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, फार लांबचं बघावं तशी.

"हाक येतेय," ती म्हणाली. "पण झाडं फार आहेत हो. कुठून येतेय ते कळत नाही."